नऊ सेकंदांचं आवतन

दोन दिवस नातू सांभाळून दाखवायचा आणि त्याच्या अंगावर लाल ठिपका उठू द्यायचा नाही; उठला तर सोमवारपासून त्याची रवानगी पांढुर्ण्याच्या पाळणाघरात. सूनबाईंनी अशी अट घातली तेव्हा भगवंतराव मनातल्या मनात हसले होते. तिगावात त्यांनी चाळीस वर्षं संत्र्याची बाग आणि बैलांची जोडी सांभाळली होती. सात महिन्यांचं पोर, त्याला ना दात ना शिंगं, ते काय जड जाणार?

सूनबाई प्राजक्ता पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवायची. मुलगा चेतन नागपूरला नोकरीला, तो फक्त रविवारी उगवायचा. बायको प्रेमलता बहिणीकडे रामाकोन्याला गेलेली. गुरुवारी सकाळी निघताना प्राजक्ताने फ्रिजवर सूचनांचा कागद चिकटवला आणि तोंडीही बजावलं.

"मामाजी, डायपर दोन घंट्यानं बदलाचा. रॅश दिसली तं ह्या ट्यूबमधली क्रीम. फक्त हेच. हळद नाई, राख नाई, घरचं काहीच लावाचं नाई."

"हाव," भगवंतराव म्हणाले.

झालं असं की गौतम चार तास झोपला, आणि झोपलेल्या लेकराला उठवणं भगवंतरावांना पाप वाटलं. दुपारी डायपर सोडला तेव्हा कातडीला असा रंग चढला होता की संत्र्याच्या व्यापाऱ्याने बघताक्षणी पहिल्या नंबरचा माल म्हणून उचलला असता. ट्यूब दाबली तर तिच्यातून नुसती हवा आली. सकाळी पहिल्याच खेपेला उत्साहाच्या भरात त्यांनी सगळी क्रीम डायपरलाच फासली होती. पोर भोकाड पसरून रडायला लागलं. सोमवारपासून हे घर रिकामं, या विचाराने भगवंतरावांनाही रडू फुटायचं बाकी राहिलं.

मग त्यांना आपली विद्या आठवली. जोखडाने बैलाचा खांदा सोलवटला की ते त्यावर धुतलेलं तूप लावत. तांब्याच्या ताटलीत तूप घ्यायचं, पाणी ओतून हाताने घोटायचं, ते पाणी टाकून नवं घ्यायचं. असं शंभर पाण्यांनी धुतलं की तूप लोण्यासारखं पांढरंशुभ्र होतं आणि जखमेची आग शमते. भगवंतराव घोटायला बसले. साठाव्या पाण्याला पोराचा आवाज बसत आला, म्हणून त्यांनी तिथेच थांबून ते तूप लावायला घेतलं. गौतम गप्प झाला, आणि थोड्या वेळाने चक्क खिदळला.

हे खिदळणं प्रेमलताला ऐकवावं म्हणून त्यांनी डाव्या अंगठ्याने फोनवरचं माइकचं बटण दाबून धरलं आणि उजव्या हाताने तूप चोळणं चालू ठेवलं. घात इथेच झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपाने मळताना जे म्हणायचं ते चाळीस वर्षं म्हटलेलं. हात तुपात गेला की तोंड आपोआप चालायचं.

"हं, राजा. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

नऊ सेकंदांचा हा आवाज प्रेमलताकडे न जाता तिच्या वरच्या ओळीतल्या 'आपलं तिगाव' या एकसष्ट माणसांच्या गटावर गेला. चूक लक्षात येताच त्यांनी घाईने तो पुसला. पुसताना फोनने काहीतरी विचारलं, त्यांनी हो म्हटलं, आणि आवाज त्यांच्या एकट्याच्या फोनवरून नाहीसा झाला. सुटलो, असं म्हणून ते पाणी प्यायले.

पाच मिनिटांत गटाचे प्रमुख, निवृत्त पोस्टमास्तर श्रीधरराव यांचा फोन आला.

"भगवंतराव, आवतन भेटलं. किती वाजता येऊ जेवाले?"

"कोन्तं आवतन?"

"आता टाकलं ना तुमी. आंदी मले वाटलं, बैलाचं म्हून राहिले. मंग म्हटलं, पोळा होऊन तीन महिने झाले, अन् तुमी तं बैल इकून ट्रॅक्टर घेतला. बैलच नाई तं बैलाले आवतन कसं असंन? म्हंजे आमालेच."

तर्क बिनतोड होता. खरं सांगण्याची सोय नव्हती. आवतन लेकराला दिलं म्हणावं, तर तुपाची गोष्ट निघणार, ती प्राजक्ताच्या कानावर जाणार आणि पाळणाघर पक्कं. बैलाचं आवतन होतं म्हणावं, तर ते आपलं समजून बसलेल्या सगळ्या गटाला बैल म्हटल्यासारखं होणार.

"बारा वाजता," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत चाळीस फोन आले. कशाचं जेवण, या प्रश्नाला त्यांनी कुणाला नवस सांगितला, कुणाला बागेचा बहार, आणि शेवटी शेवटी नुसतंच "या तं खरं" म्हणाले. प्राजक्ता आली, तिने डायपर उघडून पाहिला. लाली अर्ध्यावर आली होती.

"क्रीम चांगली हाये," ती म्हणाली. "अन् मामाजी, उद्या मी सुटी टाकली."

"काहून?"

"असंच."

शुक्रवारी सकाळी ते उठले तेव्हा स्वयंपाकघरात प्रेमलताबाई पुरण वाटत बसल्या होत्या.

"तू कवा आली?"

"पहिल्या गाडीनं."

"काहून?"

"आवतन होतं," त्या म्हणाल्या आणि पुरणात वेलची टाकली. प्राजक्ता मान वर न करता कणीक मळत राहिली. दोघी रागावल्या असत्या तर बरं, असं वाटून भगवंतराव गुपचूप पुढच्या पुरणासाठी गूळ चिरायला बसले.

बारा वाजता पन्नास माणसं आली. पंगत बसली, पुरणपोळीवर तूप पडलं, आणि सगळं निभावलं असं वाटत असतानाच वरच्या मोहल्ल्यातला राजू हातात घुंगरमाळ घेऊन आला. अजून बैल बाळगणारा गावात तो एकटाच उरला होता.

"काका, नवी जोडी कुठी बांधली?" असं विचारत तो थेट गोठ्यात गेला आणि ट्रॅक्टर पाहून परत आला. "आवतन तं बैलाचंच होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी हेच म्हनतो."

पन्नास घास हवेत थांबले. श्रीधररावांनी आपला घास ताटात परत ठेवला.

"म्हंजे आमी कोन?"

तेवढ्यात प्राजक्ता गौतमला कडेवर घेऊन बाहेर आली.

"राजूभाऊ, बसा. आज गौतमचं उष्टावन हाये. आमच्या मोहगावले उष्टावनाचं आवतन असंच देतेत."

सगळ्यांच्या माना शेजारच्या कलाबाईंकडे वळल्या, कारण त्यांचंही माहेर मोहगावच. कलाबाईंनी अशी रीत जन्मात ऐकली नव्हती. पण त्यांच्या तोंडात पुरणपोळी होती आणि दुसरी ताटात होती. त्यांनी होकारार्थी मान हलवली. प्राजक्ताने गौतमच्या जिभेला पुरणाचं बोट लावलं, राजूने घुंगरमाळ पाळण्याला बांधली, आणि पंगत पुन्हा सुरू झाली.

पाहुणे गेल्यावर तिने तांब्याची ताटली आणून भगवंतरावांपुढे ठेवली.

"किती पानी झाले होते?"

"साठ."

"तरीच अर्धी लाली राहिली. माह्या बाबाजवळचं तूप पुरं शंभर पान्याचं असते. मामाजी, त्या गटात मीबी हावो. तुमचा आवाज मी शाळेत पोरांच्या वह्या तपासताना ऐकला. माह्या माहेरी चार बैल हायेत, हातात काय होतं ते मले लगेच समजलं."

भगवंतरावांनी विचारलं, "मंग सोमवारचं कसं?"

"पाळनाघरवाले सांगितलं तितकंच करतेत," प्राजक्ता म्हणाली. "साठ पानी कोन घोटते? उरलेले चाळीस करा अन् लावा. फोन तेवढा माह्याजवळ द्या."

भगवंतरावांनी फोन दिला आणि ताटली ओढून घेतली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी खाली मान घालून लपवलं. शंभर पाणी पुरं झालं आणि दोन दिवसांत गौतमचं अंग निवळलं.

पंधरा दिवसांनी 'आपलं तिगाव'वर श्रीधररावांचा आवाज आला. त्यांच्या नातीचं उष्टावण होतं आणि कार्यक्रम मोहगावच्या रीतीने ठरला होता. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं ते तीनदा म्हणाले होते.

"मी नाई जात," भगवंतराव म्हणाले. "कोनाचं आवतन हाये ते मले माईत हाये."

"जाच लागंन, मामाजी. आवतन मोडता येत नाई."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ते धुतलेला सदरा घालून मुकाट्याने निघाले. दारातच प्राजक्ताने त्यांना थांबवलं, आणि इकडेतिकडे कुणी नाही असं पाहून त्यांच्या दोन्ही खांद्यांना तुपाचं एकेक बोट लावलं.