गरजू कुटुंबांनी पुढे यावे

आमच्या दुकानात कामगार संघटना उभी करायचीच, असं मी ठरवलं तेव्हा माझी योजना इतकी पक्की होती की तिच्यात बिघाड शिरायला फटसुद्धा नव्हती. दुकान म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान नव्हे. छताला टेकलेल्या फळ्या, ओळीने गल्ले, आणि मिठापासून साबणापर्यंत चालत जाताना माणसाला तहान लागावी एवढं मोठं. त्यातल्या एका गल्ल्यावर मी.

योजना अशी. शनिवारी मुख्य कचेरीतले मोठे साहेब येणार होते. ग्राहकांनी दाराजवळच्या टोपलीत गरजू कुटुंबांसाठी टाकलेलं धान्य त्यांच्या हस्ते वाटायचं होतं. मॅनेजर त्या गडबडीत असताना आम्ही एकेकाने मागच्या कोठारात जायचं आणि संघटनेचं सभासद व्हायचं. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये.

अडचण एकच होती, आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. त्या गरजू कुटुंबांतलं एक माझं होतं.

झालं असं की नवऱ्याची पाठ धरली, तो अंथरुणाला खिळला, आणि नेमके तेव्हाच मॅनेजरने माझे कामाचे तास कापले. शेवटी मी सरकारी मदत कचेरीत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "महिन्याला थोडे पैसे मिळतील. धान्याची पिशवी घ्यायला मात्र स्वतः यावं लागेल. जागा कळवू." कळवलेली जागा म्हणजे आमचंच दुकान. मी म्हटलं, काही बिघडत नाही. नाव पुकारलं की खोकल्याची उबळ आल्यासारखं करायचं आणि कोठारात सटकायचं.

शनिवार उजाडला. पहिल्या रांगेत छातीवर फूल लावून कोण बसलेलं? आमचे भाऊजी, माझे थोरले दीर. टोपलीत सगळ्यात जास्त धान्य त्यांनी टाकलं होतं, म्हणून हा मान. भाऊजी कर असा भरतात, जणू सरकार त्यांच्या एकट्याच्या खिशावर चाललंय. संघटनेचं नाव काढलं की म्हणायचे, "तुमचे पगार वाढले की भाव वाढणार. म्हणजे भुर्दंड आम्हालाच." आता त्यांच्यासमोर पिशवी घ्यायची? खोकला आणखी जोरात काढायचं मी ठरवलं.

मोठ्या साहेबांनी भाषण केलं. मग मदत कचेरीतल्या बाईंनी पहिलं नाव वाचलं आणि आमचे पहारेकरी मामा दार सोडून पुढे आले.

"मामा, तुम्ही दारावरच थांबा," मॅनेजर म्हणाला. "त्या माणसाला फक्त आत पाठवा."

"तोच आलाय साहेब," मामा म्हणाले.

दुसऱ्या नावाला भाजी विभागातली टोमॅटोताई आली. मॅनेजर तिच्या कानाशी लागला, "पिशव्या उचलायला माणसं नकोत."

"माझी मी उचलीन की," ताई म्हणाली.

तिसरं नाव माझं. खोकला तयारच होता, अगदी घशापर्यंत आला होता. पण मामा पिशवी पोटाशी धरून खाली मान घालून उभे होते आणि ताईचे कान लाल झाले होते. इतके दिवस शेजारी उभे राहून एकमेकांपासून आम्ही हेच लपवत होतो तर! मी खोकला गिळला आणि गल्ला सोडून सरळ पुढे गेले.

भाऊजी ताडकन उठले. "काहीतरी चूक होतेय. ही आमची धाकटी भावजय. चांगली नोकरीला आहे."

"हो का? कुठे?" मोठ्या साहेबांनी कौतुकाने विचारलं.

"इथेच," मी म्हणाले. "तुमच्याकडे."

फोटो काढणाऱ्याने कॅमेरा खाली घेतला. मॅनेजरने बाईंना विचारलं, "बाहेरचं कुणी नाही का?" बाई शांतपणे म्हणाल्या, "आम्ही गरज बघतो, मालक बघत नाही. पुढचं नाव वाचू?"

त्यांनी वाचलं. ट्रॉल्या गोळा करणारे काका आले, मासळी कापणारा आला, गल्ल्यांवरच्या बायका आल्या. एकेक गल्ला ओस पडत गेला. गिऱ्हाइकांची रांग दुधाच्या कपाटापर्यंत वळली. एका आजोबांच्या हातातलं आइस्क्रीम कोपरापर्यंत ओघळलं. मॅनेजर स्वतः गल्ल्यावर बसला आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला साबण भोपळ्याच्या भावाने विकून मोकळा झाला.

इकडे भाऊजींच्या डोक्यात गणित चालू होतं. ते मोठ्या साहेबांकडे वळले. "म्हणजे बघा, तुम्ही हिला पोटापुरतं देत नाही. उरलेलं सरकार देतं, माझ्या करातून. तेही पुरत नाही, म्हणून मी तुमच्याच दुकानातून तांदूळ विकत घेऊन टोपलीत टाकतो. त्यावर नफा तुम्हाला. तुमची माणसं जर मी पोसतोय, तर नफ्यात माझा वाटा कुठाय?"

मोठे साहेब म्हणाले, "पगार वाढवले तर भाव वाढवावे लागतील."

"वाढवा," भाऊजी म्हणाले. "दुकानात दोनदा आणि सरकारात एकदा देण्यापेक्षा मी एकदाच देईन." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या तुझ्या संघटनेचं काय झालं? किती दिवस नुसती बोलतेयस."

लपवाछपवी तिथेच संपली. कोठाराची वाट कुणीच धरली नाही. पिशव्या खाली ठेवून त्या गर्दीतच सगळे सभासद झाले.

पुढे सगळं गोड गोड झालं असं नाही. कंपनीने महिनोन्‌महिने रखडवलं, दोन जणांना काढलं, आम्ही भांडून त्यांना परत आणलं. शेवटी करार झाला. पगार वाढले, तास ठरले. भावही थोडे वाढले आणि दुकान रात्री लवकर बंद व्हायला लागलं. पण पूर्वी माणसं टिकतच नसत, रोज नव्याला शिकवण्यात मॅनेजरचा जीव जायचा, ते थांबलं. मामा, ताई, मी, आम्हा सगळ्यांचं मदत कचेरीत जाणं बंद झालं. भाऊजींनी याचं सगळं श्रेय स्वतःकडे घेतलंय. घेऊ देत.

करारात चहाच्या सुट्टीचं कलम घालायचा हट्ट माझा होता. त्या वेळेत गल्ला बंद म्हणजे बंद. मालक आला तरी उघडायचा नाही. त्यासाठी मी टेबलावर मूठ आपटली होती.

परवा माझी आठवड्याची सुट्टी होती. पाहुणे दारात, घरात साखर नाही, म्हणून मी धावत दुकानात गेले. रांगेत माझा नंबर लागला आणि टोमॅटोताईने, आता ती गल्ल्यावर असते, समोर 'चहाची सुट्टी' अशी पाटी उभी केली.

"अगं, एवढी एकच पिशवी आहे," मी म्हणाले. "पाहुणे खोळंबलेत."

तिने कपात फुंकर मारली. "अहो, कलम तुमचंच आहे."

मागचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान डोलावली, कामगारांच्या हक्कांबद्दल दोन चांगले शब्द बोलले, आणि शेजारच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. मी घरी पोचेपर्यंत पाहुण्यांनी चहा बिनसाखरेचाच घेतला होता.