माझ्या नावाची पाटी

अनुभवी शेतकऱ्याला शेती शिकवणं हा मूर्खपणा आहे. पण त्याला शिकवायला शिकवणं ही कला आहे, आणि ती कला आमच्या अख्ख्या खात्यात फक्त मला येते! असं मी दोन महिन्यांपूर्वी छातीठोकपणे म्हणालो होतो. साहेबांसमोर म्हणालो, सहकाऱ्यांसमोर म्हणालो, घरी बायकोसमोरही म्हणालो. बायको म्हणाली, "हो का? मग त्या कलेने आधी तो ओला टॉवेल पलंगावरून उचला."

आमचं प्रशिक्षण केंद्र छोटंसं. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि मागे शेत. तिथे बारा मुरलेले शेतकरी आले होते. दहा आठवड्यांत त्यांना गुरू बनवायचं, मग कॉलेजची मुलं त्यांच्या हाताखाली द्यायची आणि मुलांनी माती जपून शेती करायला शिकायचं, असा बेत. वरून अट एकच. शेवटच्या दिवशी निदान दहा मुलांनी आपला गुरू निवडून सही करायची. नाही केली तर वर्ग बंद आणि बाराही जण आपापल्या घरी!

बारा जणांत आबा सगळ्यांत वयस्कर. दोन्ही मुलं नोकरीला लागून दूर गेलेली. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, चाळीस वर्षं माती राखलीय मी. माझ्या माघारी तिची नाडी ओळखणारं कुणी नाही. मला एक तरी पोर मिळेल ना?"

"एक? आबा, रांग लागेल तुमच्यासमोर!"

आता या मंडळींची अडचण काय, तर बोलणं. आबांना कुणी गांडुळाबद्दल विचारलं तर ते गांडुळाच्या आजोबांपासून सुरुवात करत. समोरचा जांभया देऊन देऊन अर्धा होई. म्हणून मी त्यांच्याकडून एक गोष्ट घोटून घेतली. गुरूने उत्तर द्यायचं नाही. मुलाने काहीही विचारलं तरी शांतपणे फक्त म्हणायचं, "तुला काय वाटतं?" म्हणजे मुलं स्वतः विचार करतात. शिवाय मुलं आल्या आल्या बडबड नको, आधी मातीकडे नीट बघत उभं राहायचं. मी घरीही हाच सराव करायचो. "आज भाजी कुठली करू?" असं बायकोने विचारलं की मी म्हणायचो, "तुला काय वाटतं?" तिला काय वाटायचं ते ती सांगायची नाही, नुसती बघायची.

आणि मुख्य प्रयोग होता कपड्यांचा. जिवंत माती सुती कापड खाते. जुना सुती कपडा वीतभर खोल पुरायचा आणि दोन महिन्यांनी उकरायचा. कापड नाहीसं झालं तर माती जिवंत, जसंच्या तसं निघालं तर माती मेली. पुरायच्या दिवशी नेमकी मला मुख्य कार्यालयात बैठक होती, पण मंडळींनी माझ्यावाचून काम उरकलं. कुणी बनियन पुरला, कुणी परकर, कुणी लेंगा.

त्याच सुमारास माझा निळ्या चौकड्यांचा शर्ट हरवला. नऊ वर्षं जपलेला, शंभर टक्के सुती! मी इस्त्रीवाल्याशी कडाक्याचं भांडलो. तो बिचारा देवाची शपथ घेत होता आणि मी म्हणत होतो, "मग काय जमिनीने गिळला?"

तर, शेवटचा दिवस उजाडला. आदल्या दुपारी मी फर्मान सोडलं होतं की प्रत्येक प्रयोगापाशी ठसठशीत पाटी हवी. नाव, तारीख, खोली, उद्देश, सगळं लिहा! बारा जणांतल्या भाजीवाल्या काकूंचं अक्षर मोत्यासारखं, त्यांनी लिहायचं ठरलं. मी बघायला काही थांबलो नाही. माझा माझ्या शिष्यांवर पूर्ण विश्वास!

सकाळी आठला पोचलो, तर धुकं असं दाट की व्हरांड्यातून शेत दिसेना. मुलांची बस नुकतीच आली होती. त्यांच्या मॅडम मला म्हणाल्या, "सर, मुलं पुढे गेलीत." मी ऐटीत मागे निघालो. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. पायाखालची माती मऊ, आपल्याच पावलांचा आवाज येईना.

आणि धुकं जरासं हललं.

समोर लांबट मातीचे उंचवटे, ओळीने. प्रत्येकाच्या डोक्याशी पांढरी पाटी, काळी अक्षरं. प्रत्येक पाटीशेजारी एक म्हातारा किंवा म्हातारी. मान खाली, हातात कुदळ, तोंडातून ब्र नाही. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि यांना हे सगळं शिकवणारा मीच होतो! वीस मुलं एकमेकांना चिकटून उभी होती.

चष्मेवाली एक मुलगी हिंमत करून आबांना विचारत होती, "आजोबा... इथे खाली काय आहे?"

आबांनी हळूहळू मान वर केली. "तुला काय वाटतं?"

"को... कोणी आहे का खाली?"

"तुला काय वाटतं?"

पलीकडून एकाने काकूंना विचारलं, "हे पुरून किती दिवस झाले?" काकूंनी पाटीकडे बोट दाखवलं. त्याने अडखळत वाचलं, "नाव अमुक अमुक. पुरल्याची तारीख... खोली एक वीत. उद्देश, माती किती खाते ते पाहणे." वाचून तो दोन पावलं मागे सरला.

"आता... आता काय करायचं?"

काकूंनी प्रेमाने कुदळ त्याच्यापुढे धरली. "तूच उकर, बाळा."

झालं! एक किंकाळी, आणि वीसच्या वीस मुलं बसच्या दिशेने! कुणाची चप्पल इकडे, कुणाची वही तिकडे. "अरे थांबा! कपडे आहेत ते! नुसते कपडे!" मी ओरडलो. ते ऐकून तर ती दुप्पट वेगाने पळाली.

मी त्यांच्या मागे धावणार, इतक्यात आबांच्या वाफ्याच्या कोपऱ्यात तेरावी पाटी दिसली. शेतकरी बारा. पाटी तेरावी कुठून आली?

जवळ गेलो. पाटीवर माझं नाव होतं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मोत्यासारख्या अक्षरात. पुरल्याची तारीख, दोन महिन्यांपूर्वीची.

खरं सांगतो, त्या क्षणी मी स्वतःला चिमटा काढून पाहिला. दोन महिने घरात कुणी माझं ऐकत नव्हतं, ऑफिसात कुणी चहा विचारत नव्हतं. मला वाटलं, आता कळलं का ते!

"आबा," मी कसाबसा म्हणालो, "इथे... मी आहे?"

आबा गंभीरपणे म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

"आबा, सराव संपला! सांगा!"

पण आबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते बसच्या दिशेने बघत होते. डोळ्यांत पाणी. "गेली पोरं," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं तसंच केलं, साहेब. एक शब्द जास्त बोललो नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रांग लागेल म्हणालो होतो मी!

तेवढ्यात धुक्यातून कुणीतरी परत येताना दिसलं. तीच चष्मेवाली. एका पायात चप्पल नव्हती. घाबरलेली होतीच, पण म्हणाली, "मला कळल्याशिवाय झोप येणार नाही. द्या ती कुदळ."

तिने आधी आबांच्या पाटीखाली उकरलं. माती काळीभोर, ओलसर, गांडुळांनी वळवळणारी. त्यातून निघाल्या नुसत्या शिवणी. बनियनची फक्त रेघ उरली होती, मधला माणूस कुणी पुसून टाकावा तशी. तिने ती उचलली आणि तिच्यातून आरपार पाहिलं. "खाल्लं सगळं? मातीने?" आबांनी मान डोलावली. मग ती माझ्या पाटीकडे वळली. मी डोळे मिटून घेतले.

"सर, हा बघा!"

डोळे उघडले. माझा शर्ट! निळ्या चौकड्या, ताठ कॉलर, पाचही बटणं जागेवर. दोन महिने जमिनीत राहून इस्त्री मोडली तेवढीच!

"माती मेली की काय इथली?" मी म्हणालो.

"शेजारी तर बनियन खाल्ला," ती म्हणाली. "दोन हातांवर माती कशी मरेल?" तिने कापड बोटांत चोळलं, आबांकडे पाहिलं. आबांच्या ओठांवर गांडुळाचे आजोबा आले होते, पण त्यांनी गिळले. हळूच विचारलं, "तुला काय वाटतं?"

"हा सुती नाहीच. प्लास्टिकचा धागा आहे. माती याला तोंडही लावणार नाही!"

आबांचा चेहरा असा उजळला की धुकंही मागे सरल्यासारखं वाटलं. ते म्हणाले, "पोरी, पुढच्या बुधवारी माझ्याकडे येशील?" तिने तिथेच, चिखलाच्या हाताने, सही केली. मग तिने त्या शिवणी बसपाशी नेऊन दाखवल्या, तशी बाकीची मुलंही एकेक करत उतरली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चौदा सह्या झाल्या!

जाताना आबांनी उलगडा केला. "पुरायच्या दिवशी मी तुमचाही कपडा मागितला, तेव्हा बैठकीतून तुम्हीच घरी फोन केला होता ना, साहेब? 'एखादा टाकाऊ सुती दे' म्हणालात. मी घ्यायला गेलो, तर वहिनींनी दाराशीच तयार ठेवला होता."

केला होता खरा. बैठकीच्या गडबडीत साफ विसरलो होतो.

संध्याकाळी शर्ट टेबलावर आपटला. "नऊ वर्षांचा माझा शर्ट! आणि तू तो जिवंतपणी पुरायला दिलास?"

बायकोने तो उलटून पालटून पाहिला आणि सुस्कारा सोडला. "अगंबाई, मातीलाही नको झाला!"

"चेष्टा पुरे! त्या इस्त्रीवाल्याला मी चार लोकांत चोर म्हटलंय. आता त्याची माफी कोण मागणार?"

तिने शांतपणे मान वर केली, अगदी आबांसारखी.

"तुम्हाला काय वाटतं?"