उतारावर जाम झालेला शू

मोटारसायकलचा ब्रेक दुरुस्त करायला गॅरेजात जाणं म्हणजे डोकं दुखतं म्हणून ते काढून दुसऱ्याच्या दुकानात ठेवून येणं! हे माझं ठाम मत. म्हणून परवा नरसी गावात आमच्या दारातच मी गाडीचं मागचं चाक काढलं, ड्रम फडक्यानं आरशासारखा पुसला आणि बायकोला हाक मारली.

"कोमल, ये, पाह्य इकडं! हे दोन अर्धगोल, म्हंजे ब्रेक शू. दोघांच्या मधात हा चपटा तुकडा, याला म्हनतात कॅम. आपुन पाय दाबला की बाहेरचा लीवर या कॅमला फिरवतो. कॅम फिरला की शू फाकतात, ड्रमला आतून घासतात, अन् चाक खल्लास!"

कोमलनं वाकून पाहिलं. "अहो, पर या शूवरचे लायनर पापडावानी पातळ झालेत की! नवे टाका."

"काहून? कॅमच्या दांड्यावर दाते हायेत न्हं? लीवर उपसायचा, जरा फिरवून बसवायचा. ब्रेक एकदम नवा! तू फकस्त पाहत राय!"

ती पाहत राहिली. तिला घाई होती ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरी, गोरेगावला, जनावरांचं प्रदर्शन होतं. आई मेलेलं एक करडू तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. नाव नवाब. घरात माझ्याआधी त्याला खायला मिळायचं! त्याचा नंबर येणार, असं तिनं अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं.

सकाळी निघालो. पुढं मी, मागं कोमल, दोघांच्या मधे नवाब. तो माझ्या कानात असा ओरडत होता, जसा काही गाडीचा हॉर्न त्याच्याकडं ठेक्यानं दिलाय!

उतारावर समोर मेंढरांचा कळप आडवा आला. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी! एका मेंढीला वाराही लागला नाही!

"पाह्यलं?" मी मागं वळून म्हणालो.

कळप गेला. मी गियर टाकला. गाडी हलेना. ढकलली. हलेना. कोमलनं उतरून मागच्या चाकाला सणसणीत लाथ घातली. तरी हलेना!

मी गोरेगावला सासऱ्यांना फोन लावला. रेंज अशी, की एक शब्द पोचायचा आणि दोन शेतात पडायचे.

"मामा, मी भागवत! शू जाम! पार जाम!"

"अगागा! कवापासून, जावईबापू?"

"आत्ताच! उतारावर जोरात दाबलं अन् जाम! सुटूनच न्हाई राहिलं!"

"आवं, मग येवढं दाबून कशाला धरायचं? तकलीफ व्हतीय का लई?"

"लई! कोमलनं लाथ बी घालून पाह्यली!"

पलीकडून दबक्या आवाजात, "कुठं घातली?"

"मागून!" मी ओरडलो आणि रेंज गेली.

"आता?" कोमलनं विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "परीक्षक येऊन जातील. माझ्या नवाबला कोनी पाहनार बी न्हाई."

ते पाणी पाहून माझं डोकं एकदम चालू झालं. मी तिच्या हातात मोबाइल दिला. "दोन्ही तळव्यांत चपटा धर. हे तुझे तळवे म्हंजे शू, मोबाइल म्हंजे कॅम. आता फिरव."

तिनं फिरवला. तळवे फाकत गेले आणि मोबाइल दोन्हींच्या मधे पार आडवा होऊन बसला. तिनं तळवे दाबून पाहिले. तो काही परत फिरेना.

"अरे व्वा!" ती म्हणाली. "म्हंजे लायनर झिजले, म्हनून कॅमला जास्त फिरावं लागलं. अन् तुमी लीवर हलवून त्याला तशी वाट बी करून दिली! आता आडवा पडलाय. स्प्रिंग दाबतीय, पर ह्यो फिरत न्हाई."

"बराबर! म्हंजे लीवर उलटा हानायचा!"

मी गाडी मधल्या स्टँडवर चढवली आणि पेडलपासून लीवरला येणाऱ्या रॉडचा नट सोडला. बांधावरचा दगड उचलला आणि लीवरवर उलट्या बाजूनं घातला. खट्! चाक गरागरा फिरलं! मी भर रस्त्यात नाचलो. कोमल नाचली. नवाब तर आधीपासूनच नाचत होता.

एवढ्यात धुरळा उडवत जीप आली. आधी सासरे उतरले, मग काढ्याचा तांब्या घेऊन सासूबाई सुमनबाई, आणि त्यांच्या मागून गमबूट घातलेले, हातभर नळी घेतलेले एक गृहस्थ.

"प्रदर्शनात दुसरा डॉक्टर भेटलाच न्हाई," सासरे घाम पुसत म्हणाले. "हे गुरांचे हायेत. पर हात हलका हाय! शूचं काय झालं?"

"सुटलं की, मामा! दगड घातला, खट् आवाज आला अन् मोकळं!"

डॉक्टरांच्या हातातली नळी गळून पडली. "खट् आवाज आला?"

कोमल पोट धरून रस्त्यातच बसली. हसू आवरल्यावर तिनं चाक दाखवून सगळा उलगडा केला.

आता ऐका खरी गंमत! प्रदर्शनाचे परीक्षक हेच डॉक्टर! ते इकडं आले म्हणून तिकडं परीक्षण थांबलेलं! आम्ही सगळे वरातीसारखे गोरेगावात पोचलो. मी मागच्या ब्रेकला पाय न लावता, पुढच्या ब्रेकवर, जीपच्या मागं हळूहळू. लहान गटात नवाब पहिला! कोमलनं बक्षिसाचा पट्टा त्याच्या गळ्यात घातला, आणि टाळ्या अशा वाजल्या की नवाबही गप्प झाला. मी तिथंच नवे लायनर आणले, कॅमला ग्रीस लावलं, लीवर खुणेला खूण जुळवून बसवला. एक दात इकडं नाही, एक दात तिकडं नाही!

निघताना सासूबाईंनी तांब्या पुढं केला. "गोखरूचा काढा हाय, तुंबलेलं समदं मोकळं करतो. येवढ्या मायेनं केलाय, वाया घालू नगा." मी आनंदाच्या भरात सगळा तांब्या रिकामा केला.

परतीच्या वाटेवर ब्रेक काय लागत होता, आणि काय सुटत होता! मला तर दर बाभळीपाशी त्याची खात्री करून घ्यावी लागली.