तीन अधिक तीन बरोबर तीन

"कालथा थांबला तर माझ्याशी गाठ आहे," असं बजावून देसान्काबाई फाटकापर्यंत गेल्या, तिथून परत आल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "क्षणभरसुद्धा थांबवायचा नाही. दोघं आहात. एकाचा हात दुखला की दुसऱ्यानं घ्यायचा. यात न समजण्यासारखं काही आहे का?"

"काही नाही, आई!" दोघे जावई एका सुरात म्हणाले. त्या दिवशी ते दोनदाच एका सुरात बोलले. ही पहिली वेळ.

अंगणात विटांच्या चुलीवर हंडा होता आणि हंड्यात साठ किलो लाल ढोबळ्या मिरच्या होत्या. भाजलेल्या, सोललेल्या, वाटलेल्या आणि आता तेलात रटरटणाऱ्या. याचा आयवार व्हायचा होता. याला चटणी म्हणणाऱ्या एका पाहुण्याला देसान्काबाईंनी जेवण अर्ध्यावर असताना कॉफी दिली होती, म्हणजे उठा आता. सप्टेंबरात लेस्कोवात्सच्या आसपास ज्या घरात आयवार तळाला लागला, त्या घराला पुढच्या सप्टेंबरापर्यंत तोंड दाखवायला जागा उरत नाही.

पण या हंड्यावर नुसता हिवाळा शिजत नव्हता. देसान्काबाई गावातल्या बायकांच्या सहकारी संस्थेच्या अध्यक्ष. संस्थेनं बारा नवे हंडे घेतले होते, आपोआप ढवळणारे. त्यांना कधी ढवळायचं, कधी मीठ घालायचं हे सांगायला एक प्रोग्राम लागणार होता, आणि तो लिहिण्यासाठी या दोन साडूंनी तीन वर्षं खपून एक आख्खी नवी भाषा बनवली होती. नाव 'लोनात्स', म्हणजे पातेलं. हे यंत्र बसवायचं की नाही यावर सोमवारी संस्थेत मतदान होतं. देसान्काबाईंनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "आधी एक हंडा तुमच्या हातानं उतरवून दाखवा. जे डोकं तुमचं, तेच त्या यंत्राचं. एक हंडा लागला, तर बारा मी कशाला लावून घेऊ?"

आणि आज ऐन वेळी नवे हंडे घेऊन ट्रक आला म्हणून त्या दोन्ही लेकींना घेऊन उतरवायला गेल्या. राहिले दोन जावई, एक कालथा आणि तीन वर्षांचं भांडण.

भांडण अधिक चिन्हाचं होतं. हसू नका. बाकी सगळी भाषा तयार होती. घोडं अडलं होतं ते एवढ्याशा '+' वर.

"तीन किलो अधिक वीस मिनिटं, असं कुणी लिहिलं तर?" तिहोमिर विचारायचा. हा थोरला जावई. मोजेसुद्धा वारानुसार घड्या घालून ठेवणारा.

"तर काय? तेवीस," धाकटा ओग्न्येन म्हणायचा.

"तेवीस काय? अरे बाबा, तेवीस काय?"

"ते ज्याचं त्यानं बघावं. आपण कशाला लोकांच्या संसारात नाक खुपसायचं?"

तिहोमिरचं म्हणणं, प्रत्येक आकड्याला जात हवी. किलोचा आकडा किलोत मिळवा, मिनिटाचा मिनिटात. कुणी भलतं लिहिलं, तर यंत्र सुरू व्हायच्या आधीच त्याचा कान धरायचा. ओग्न्येनचं म्हणणं, माणूस काही लिहितो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतं, ते भाषेनं समजून घ्यावं. या एका मुद्द्यावर दोघांनी तीन नाताळ एकमेकांकडे पाठ करून साजरे केले होते.

पहिला तास मात्र बरा गेला. ओग्न्येननं कोठीतून राकियाची, म्हणजे फळांच्या घरगुती दारूची, बाटली आणली. पेले घरातल्या कपाटात कुलूपबंद, पण कोठीच्या दाराला एका खिळ्यावर जाड काचेचा, काठ उडालेला एक पेला दोरीनं टांगलेला होता. त्यानं तो सोडवला, फुंकर मारून साफ केला आणि भरला.

"एकच आहे. आळीपाळीनं घेऊ."

"कालथ्यासारखंच," तिहोमिर म्हणाला. दोघे हसले. कालथा फिरत होता, पेला फिरत होता, आयवार दाटत होता. असंच चाललं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं.

मग मीठ घालायची वेळ झाली. त्याच खिळ्याखाली देसान्काबाईंच्या आईच्या हातचा, तेलकट झालेला कागद चिकटवलेला होता. ओग्न्येननं मोठ्यानं वाचलं:

"मीठ ३ + साखर २ + व्हिनेगर ५."

आणि कोर्टात पुरावा सापडल्यासारखा तो वळला. "बघितलंस? अधिक! मीठ, साखर, व्हिनेगर, सगळ्यांमध्ये अधिक! आजेसासूबाई माझ्या बाजूनं होत्या."

"तो अधिक नाही, तो 'आणि' आहे."

"दिसतो तर अधिक."

"आणि तीन काय?" तिहोमिर म्हणाला. "तीन चमचे? तीन किलो? तीन पोती? आपल्या भाषेत हे लिहिलं असतं तर मी पुढे पाऊलच टाकू दिलं नसतं."

"मग नको टाकूस. हिवाळाभर अळणी खाऊ."

देसान्काबाईंना फोन लावला. तो स्वयंपाकघरात खुंटीवर टांगलेल्या त्यांच्याच एप्रनमध्ये वाजला.

"तीन मुठी," ओग्न्येननं निकाल दिला. "आमच्या घरी सगळं मुठीनंच."

"कुणाची मूठ? तुझी की माझी? थंडीत मूठ आखडते. मूठ हे काय माप झालं?"

"काय रे, कसलं माप?" कुंपणापलीकडून आवाज आला. ही पेरसिदाबाई. शेजारीण, आणि संस्थेतला विरोधी पक्ष. हातानं ढवळलेलाच आयवार खरा, यंत्राचा म्हणजे कारखान्यातला रंग, असं ती गेले सहा महिने दारोदार सांगत होती. तिला देसान्काबाईंचं प्रमाण सांगणं म्हणजे घरभेदीपणाच.

"काही नाही, मावशी," तिहोमिर सावधपणे म्हणाला. "समजा, नुसतं समजा हं, एका माणसानं मीठ तीन असं लिहिलंय. तर तीन काय?"

"कॉफीचे कप," पेरसिदाबाई तत्काळ म्हणाली. "दुसरं काय असणार? पण कुणाच्या हंड्यात?"

"कुणाच्याच नाही. तात्त्विक हंडा आहे."

"मला तर इथून खराखुरा दिसतोय," म्हणत बाई फाटक ढकलून आत आलीसुद्धा.

तिहोमिरला कप पटला. कप निदान सगळीकडे सारखा असतो. ओग्न्येनला मात्र शत्रूच्या कपानं मीठ घालणं मंजूर नव्हतं. बोलता बोलता दोघांचे आवाज चढले आणि मुद्दा मिठावरून पुन्हा मूळ पदावर आला.

"थांब, तुला काढूनच दाखवतो!" तिहोमिर ओरडला. त्याला काहीही काढून दाखवायची सवय. त्यानं कालथा हंड्यातून उचलला आणि गळत्या आयवारनं अंगणातल्या फरशीवर हातभर लांबीचा लालभडक '+' काढला. "डावीकडे मीठ. उजवीकडे साखर. सांग, याचं उत्तर कुठल्या जातीचं?"

"आयवारच्या जातीचं!" ओग्न्येननं कालथ्याचं दुसरं टोक धरलं. "सोड. मला खोडायचंय ते."

"सोडणार नाही. आधी उत्तर दे!"

वल्ह्याएवढा कालथा, दोन टोकांना दोन साडू, मध्ये फरशीवर अधिक चिन्ह. आणि हंडा? हंडा आपला एकटाच रटरटत होता.

पेरसिदाबाईनं नाक वर केलं. दोनदा हुंगलं. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते तिच्या मुलाच्या लग्नातसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं.

"लागला," ती म्हणाली.

मग जी धावपळ झाली ती विचारू नका! "खरवडू नका! वरचा वर दुसऱ्या पातेल्यात घ्या!" पेरसिदाबाई ओरडली. वैर कितीही असो, आयवार जळताना नुसतं बघत राहणं तिच्या रक्तात नव्हतं. तिहोमिर पातेलं आणायला घरात पळाला. तेवढ्यात ओग्न्येननं, आता वाद घालायला कुणी नाही असं पाहून, तीन मुठी मीठ आत टाकलं. पातेलं आलं, वरचा आयवार त्यात उतरवला आणि चुलीवर चढवला. ओग्न्येनचा हात पोळला म्हणून तो नळाकडे गेला. तेवढ्यात तिहोमिरनं, आता वाद घालायला कुणी नाही असं पाहून, घरातून आणलेल्या कॉफीच्या कपानं सपाट, नीट, बोटानं काठ पुसून, तीन कप मीठ घातलं.

दोघांनाही आपण प्रसंग निभावला याची खात्री होती. दोघेही एकमेकांना काही बोलले नाहीत. दोघे आलटून पालटून इतक्या निष्ठेनं ढवळू लागले की बघणाऱ्याला वाटावं, जन्मभर हेच करत आलेत.

आणि फाटक वाजलं.

देसान्काबाईंनी काही विचारलं नाही. करपलेला हंडा पाहिला. दुसरं पातेलं पाहिलं. फरशीवरचं अधिक चिन्ह पाहिलं. पेरसिदाबाईलाही पाहिलं. ती बाकावर बसून नाटकाला आल्यासारखी पाय हलवत होती. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "वा, जावईबापू. तुम्ही तर कमाल केलीत."

दोघांचे चेहरे उतरले. एरवी सासूबाई त्यांना नावानं हाक मारत. त्या 'जावईबापू'वर आल्या की समजावं, तीन वर्षं पाण्यात गेली.

त्यांनी पावाचा तुकडा पातेल्यात बुडवला, चावला, डोळे मिटले. ओग्न्येननं मनातल्या मनात शहरात नोकरी शोधायला सुरुवात केली.

"वास नाही लागलेला," त्या अखेर म्हणाल्या. "वेळेवर काढलात. मीठही अगदी बरोबर पडलंय. किती घातलंत?"

"तीन!" दोघे एका सुरात म्हणाले. ही दुसरी वेळ.

मग दोघांनी सावकाश एकमेकांकडे पाहिलं.

"तू घातलंस?"

"म्हणजे तूही?"

"तीन काय?" देसान्काबाईंनी विचारलं.

"मुठी," ओग्न्येन म्हणाला.

"कॉफीचे कप," तिहोमिर म्हणाला, आणि हा प्रश्न शेवटी सासूबाईंनी विचारला याचा आनंद त्याला त्याही स्थितीत लपवता आला नाही.

देसान्काबाईंनी बोटं मोजली, पुन्हा एकदा चव घेतली, पुन्हा बोटं मोजली. "तीन मुठी आणि तीन कप मिळून बरोबर तीन पेले होतात. तीन अधिक तीन, तीन. आमच्या आईनं असलं गणित पाहिलं असतं तर तिनं तुम्हाला पोरी दिल्या नसत्या."

"म्हणजे मिळवता येतात!" ओग्न्येन ओरडला. "मुठी आणि कप! मी काय म्हणत होतो?"

"नशिबानं! निव्वळ नशिबानं!" तिहोमिर उसळला. "आणि पेले म्हणजे कुठले पेले? कागदावर पेला कुठे लिहिलाय?"

"लिहायचा कशाला? कागदाशेजारीच तर टांगलेला असतो. चाळीस वर्षं तिथेच आहे. खिळ्याला." त्या वळल्या. खिळा रिकामा होता. दोरी लोंबत होती. "माझा पेला कुठाय?"

ओग्न्येननं, पोळलेल्या हातानं, चुलीमागून पेला उचलला. तळाशी अजून घोटभर राकिया होती.

दुपारभर ज्या मापासाठी दोघं भांडले, ते माप दोघांच्या हातात होतं, आणि दर वेळी काठोकाठ भरलेलं. तिहोमिर पेल्याकडे बघत राहिला. आकडा एकीकडे आणि त्याची जात शेजारच्या खिळ्याला, अशी व्यवस्था त्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती.

"झालं ना समाधान, देसान्का?" पेरसिदाबाई बाकावरून उठली. "हे तुझे यंत्रवाले! सोमवारी सगळ्या जणींना सांगते, यांच्या हातून एक हंडासुद्धा उतरला नाही."

"अवश्य सांग," देसान्काबाई म्हणाल्या. "पण नीट सांग. हंडा हातानं ढवळत होते, आणि लागला. तू सहा महिने ज्या हाताची महती गातेस, त्या हाताचं काय होतं ते तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस. साक्षीला तूच चांगली."

पेरसिदाबाईनं डोक्यावरचा रुमाल आवळला. ती बाहेर पडली आणि तिनं फाटक जरा जोरातच लावलं.

"आई," तिहोमिर चाचरत म्हणाला, "म्हणजे सोमवारी..."

"एक सांगा. तुमचं ते यंत्र राकिया पितं का?"

"नाही, आई."

"त्याला तोंड आहे का?"

"नाही."

"मग बसवा," देसान्काबाई म्हणाल्या. "बाराच्या बारा बसवा. ते तुमच्यापेक्षा बरं ढवळेल." त्यांनी पेल्यातली राकिया स्वतः संपवली, पेला नळाखाली धुतला आणि साखरेच्या डब्यात बुडवून दोन मोजले. मग व्हिनेगरचे पाच.

"पण आई, अधिक चिन्हाचं..." ओग्न्येननं सुरुवात केली.

देसान्काबाईंनी गरम आयवार लावलेला पावाचा भला मोठा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. मागाहून तिहोमिरलाही एक मिळाला. त्यांनी कालथा दोघांच्या मध्ये उभा केला, आणि तोंडं भरलेली असेपर्यंत तो क्षणभरही न थांबता फिरत राहिला.