खिडकीची मोफत तपासणी

खिडकीवाला आत आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि त्याला फक्त दहा मिनिटं हवी होती. साडेचार वाजले तरी ती दहा मिनिटं संपायची होती.

त्याला बोलावलं कुणी, यावर घरात आदल्या दिवशीच वाजलं होतं. छापखान्यात पस्तीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी एका दुकानात छत्रीच्या सोडतीची चिठ्ठी भरली होती. छत्री लागली नाही, खिडकीवाला लागला.

"नाही म्हणायला जमणार आहे ना?" बायकोने विचारलं होतं.

"न जमायला काय झालं?" गृहस्थ म्हणाले होते. चुकीच्या वेलांटीखेरीज आयुष्यात कशालाही नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

गळ्यात टाय आणि बगलेत जाडजूड फाइल घेऊन आलेल्या त्या तरुणाने आधी घराची स्तुती केली, मग काकूंच्या टापटिपीची आणि मग बैठकीच्या खिडकीपाशी जाऊन खोल सुस्कारा सोडला.

"काकू, राग मानू नका, पण ही खिडकी नाही. हे संकट आहे."

"चाळीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या, "संकट रोज सकाळी मीच उघडते."

मग धूळ आली, चोर आले, फुफ्फुसांचे विकार आले आणि सगळ्यात शेवटी नव्या खिडकीची किंमत आली. ती ऐकून गृहस्थांनी पेलाभर पाणी एका दमात संपवलं.

"ही बाकीच्यांसाठी, काका! तुमच्यासाठी थोडीच?" खिडकीवाल्याने फोन कानाला लावला. "सर, माणसं फार सज्जन आहेत हो... नाही सर, माझ्या शब्दाखातर..." फोन खाली ठेवला तेव्हा किंमत निम्म्यावर आली होती. "पण आजच्या आज. सहाला सिस्टीम बंद होते."

"साहेबांशी बोललात खरं," काकू म्हणाल्या, "पण फोन उलटा धरला होतात."

खिडकीवाला मोकळेपणाने हसला. असल्या वारांची त्याला सवय असावी.

"उद्या कळवतो ना," गृहस्थ चाचरत म्हणाले.

"उद्या कुणी पाहिलाय, काका?" असं म्हणून त्याने त्यांच्या हातात पेन दिलं.

बँकेत होतं-नव्हतं ते त्या खिडकीतून उडून जाणार हे गृहस्थांना दिसत होतं. पण बिचाऱ्याचा घसा बसला होता, आपल्यापायी त्याची दुपार गेली होती. त्यांनी पेन उघडलं. फक्त सही करण्याआधी, हाताला लागलेल्या सवयीप्रमाणे, ते चार पानी करार वाचू लागले.

"त्यात वाचायचं काय, काका? नेहमीचंच आहे."

"दुसऱ्या पानावर 'तपासणी'ची वेलांटी ऱ्हस्व पडलीय," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

वेळ जात होता. काकू काही पाघळत नव्हत्या. खिडकीवाल्याने बाह्या सरसावल्या. "काकू, मी नुसतं बोलत नाही, करून दाखवतो. लाकूड आतून पार गेलंय." त्याने उघडी झडप चौकटीपासून ओढली. ती कुरकुरली, पण निखळली नाही. त्याने पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा भिंतीला पाय लावून ओढली. तेव्हा बिजागऱ्यांसकट झडप त्याच्या हातात आली, तोल सावरायला तो गर्रकन वळला आणि तिचा कोपरा बसून दुसरी झडप बाहेर पडली.

खाली धप्प आवाज झाला. मग किंकाळी.

दोन मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई दारात उभ्या. रात्रपाळी करून झोपलेल्या. केस मोकळे, डोळे लाल, हातात झडप. "ऊन द्यायला गादी टाकली होती बाल्कनीत, तिच्यावर पडली म्हणून बरं! ही कुणाची?"

खिडकीवाला धंद्याला इमानी होता. "बघा मॅडम, हेच मी सांगत होतो! तुमच्या खिडक्या शेवटच्या कधी तपासल्यात?"

"आधी तुझी नाडी तपासते," नर्सबाई म्हणाल्या.

खिडकीवाल्याने हातातली झडप भिंतीला टेकवली आणि घड्याळ पाहिलं. "काका, मी निघतो. पुढची अपॉइंटमेंट आहे."

"बसा हो," काकू दारात उभ्या राहत म्हणाल्या. "पाणी तरी घ्या."

"वा!" गृहस्थ एकदम म्हणाले. त्यांनी अजून मान वर केली नव्हती. "चौथं पान, कलम एकोणीस. 'तपासणीच्या वेळी प्रतिनिधीच्या हातून खिडकीचे नुकसान झाल्यास कंपनी आपली नवी खिडकी विनामूल्य बसवून देईल.' अख्ख्या करारात एवढंच वाक्य शुद्ध आहे. आणि खाली प्रतिनिधीची सही आहे. आजच्या तारखेची."

"हे कुठे लिहिलंय?" खिडकीवाल्याने कागद ओढून घेतला. तीन वर्षं तो हे करार लोकांपुढे सरकवत होता. वाचत होता तो आज पहिल्यांदा.

या वेळी त्याने फोन सुलटा धरला. साहेबांचा आवाज खोलीभर ऐकू आला. त्यातले निम्मे शब्द गृहस्थांनी पस्तीस वर्षांत एकाही प्रुफात पाहिले नव्हते.

गुरुवारी नवी खिडकी बसली. एका बोटाने सरकणारी, आवाज न करणारी. नर्सबाई ती बघून गेल्या आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटल्या. शनिवारपर्यंत इमारतीतल्या अकरा घरांनी मोफत तपासणीसाठी नावं नोंदवली. एका इमारतीत अकरा गिऱ्हाइकं म्हटल्यावर साहेब हरखले आणि त्यांनी रविवारी खिडकीवाल्यालाच पुन्हा पाठवलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी त्याचं हसून स्वागत केलं. "या, या. ही बघा आमची खिडकी. जरा जोरात ओढून बघा ना."

खिडकीवाल्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि चार फुटांवरूनच मान वाकडी करून खिडकी न्याहाळली.

"काय लाकूड आहे, मॅडम!" तो म्हणाला. "असलं काम आता कुणी करत नाही. पन्नास वर्षं हलायची नाही ही. फक्त कुणाला हात लावू देऊ नका."