मिरच्यांमधली मोकळी जागा

दाजिबा चिताऱ्यांना चित्राचा अर्थ विचारला, की ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवत, विचारणाऱ्याच्या हातावर सुपारीचं खांड ठेवत आणि म्हणत, "सुपारी खा, अन् घरी जा."

नागपुरात चितार ओळीत आमचं घर त्यांच्या घराला लागून. मी पोस्टात कारकून. अकरा वर्षांच्या शेजारात मी निदान पन्नास खांडं तरी चघळली असतील.

"एका वक्ती एकानंच बोलावं," हे त्यांचं तत्त्व. "मी बोलून राहिलो, तर ते बिचारं चित्र चूप बसते ना गा!"

भाद्रपदात ते गणपती करत. एका वकिलानं विचारलं, "दाजिबा, हा हसतोय की रागावलाय?"

"घरी नेऊन बसवा. दहा दिवसांत तोच सांगते."

एका हलवायानं दुकानासाठी पाटी करून घेतली. दाजिबांनी जिलब्यांची अशी परात काढली, की पाहणाऱ्याला पुन्हा भूक लागावी. पण 'जिलबी' हा शब्द लिहायला साफ नकार! हलवाई हातापाया पडत होता, तेवढ्यात एक माशी आली आणि चित्रातल्या जिलबीवर बसली.

"पाहा," दाजिबा म्हणाले, "हिले कोणी वाचून दाखवलं?"

त्यांची बायको मी शेजारी येण्याआधीच वारलेली, मूलबाळ नाही. याहून जास्त मला ठाऊक नव्हतं. म्हणजे मी विचारलं होतं. सुपारी मिळाली होती.

एकदा सीताबर्डीवर चित्रांचं प्रदर्शन भरलं. मी हात धुऊन मागे लागलो, तेव्हा कुठे दाजिबांनी एक चित्र दिलं. अंगणभर वाळत घातलेल्या लालभडक मिरच्या, आणि मधोमध एक माणूस बसेल एवढी मोकळी जागा. बस्स.

प्रदर्शनाचे चिटणीस हवालदिल झाले. "नाव काय याचं? मधलं रंगवायचं राहिलं का?" दाजिबांनी खिशातून सुपारी काढली. शेवटी चिटणिसांनी आपल्याच हातानं खाली चिठ्ठी डकवली : 'लाल समृद्धी'.

दुसऱ्या दिवशी एक गोरा साहेब आला. बाकीची चित्रं भराभर मागे टाकत या चित्रापुढे येऊन थांबला. हलेना. दाजिबांनी माझं मनगट धरलं. "पाहून राहिला गा! पाहून राहिला!"

इतक्यात चिटणीस छडी घेऊन पुढे झाले आणि इंग्रजीत सुरू झाले.

"काय म्हणून राहिला तो?" दाजिबांनी मला विचारलं.

"म्हणतो, मिरच्या म्हणजे प्रजा. आणि मधली मोकळी जागा म्हणजे सरकारच्या न्यायाची थंडगार सावली."

साहेब बेहद्द खूश झाला. चित्र बंगल्यात लावतो म्हणाला. दाजिबा उठले, चित्र खिळ्यावरून काढलं, काखोटीला मारलं आणि चालू लागले. मी मागे धावलो.

"अहो, साहेबाच्या बंगल्यात लागलं असतं!"

"अन् तिथं रोज कोणी ना कोणी छडी घेऊन येईन. काहून तिले तरास?"

चित्राला 'तिले' म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पण विचारलं नाही.

त्यांचं चित्त थाऱ्यावर नसावं. घराचं वळण मागे टाकून ते थेट इतवारीत शिरले. मिरचीबाजारात हातगाड्यांची कोंडी झालेली. दम लागला म्हणून त्यांनी चित्र एका पोत्याला टेकवून ठेवलं. पोत्यामागे भिवापूरकडची एक म्हातारी देठ खुडत बसली होती. तिचं लक्ष चित्राकडे गेलं आणि हात थांबले. आता ही विचारणार, म्हणून मी धास्तावलो.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आत्ताच उठून गेली वाटते बाई."

दाजिबा वळले.

"कोणी हाक मारली असंन," म्हातारी स्वतःशीच बोलावं तसं बोलली. "नाही तं अर्ध्या कामातून कोण उठते?"

दाजिबा पोत्यावर टेकले.

"मीच मारली," ते म्हणाले. "चित्रातल्या गणपतीचे डोये रंगवून राहिलो होतो. म्हटलं, इकडं ये वं, पाहून जा. उठली, अन् उंबऱ्यातच पडली. माणसं आली, गेली. मिरच्या सांजेपर्यंत तशाच होत्या. मधात तेवढी जागा."

मग ते बोलतच राहिले. सरू सगळ्यात आधी डोळेच कशी पाही, पसंत पडलं की काही न बोलता पदरानं चित्रावरची धूळ कशी झटके, मिरच्या उलटताना शिंकत शिंकत त्यांनाच कशी बोल लावी. सरू हे नाव मी अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. म्हातारी देठ खुडत ऐकत होती. तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

निघताना मात्र तिनं दाजिबांच्या उपरण्याच्या टोकाला मूठभर मिरच्या बांधल्या. "घरी रांधते कोण?"

"मीच," दाजिबा म्हणाले. "पण मले तिखटाचा अंदाज नाही जमत."

"मंग दोनच टाकजा, भाऊ," ती म्हणाली.