कात्रीभाऊंचं पथ्य

कोपरावरचा तो चट्टा दिसला तेव्हा कात्रीभाऊ सलूनमध्ये दाढीचा ब्रश धूत होते. लालसर, वर चंदेरी पापुद्रा. अगदी असेच चट्टे त्यांच्या वडिलांच्या हातांवर होते. ते दिसू लागले तशी गिऱ्हाइकं एकेक करून पांगली, आणि म्हातारा आपल्याच रिकाम्या खुर्चीत रस्त्याकडे बघत बसायचा.

भाऊंनी बाही मनगटापर्यंत ओढली, ती भर उन्हाळ्यातही वर केली नाही.

त्वचेचे डॉक्टर दर रविवारी त्यांच्याकडेच दाढीला येत. पण त्यांना विचारायचं म्हणजे 'हो' ऐकायची छाती हवी. त्यापेक्षा बाकीची गिऱ्हाइकं बरी.

"आमच्या एका पाहुण्याला सोरायसिस झालाय हो. काय खाऊ नये?" गालाला साबण लावता लावता ते विचारत.

"टोमॅटो बंद!" वकील फेसातून गुरगुरले.

"वांगी, बटाटे, सगळं," मास्तर म्हणाले.

"दूध! माझ्या साडूनं दूध सोडलं आणि माणूस उजळला," चष्म्याच्या दुकानाचे मालक म्हणाले.

कुणी गहू तोडला, कुणी अंडी. गळ्यावर वस्तरा असताना 'मला ठाऊक नाही' असं कोण म्हणणार? भाऊ ऐकत गेले आणि सोडत गेले.

"आता ताटात वाढू काय? नुसतं ताट?" बायको कातावली.

"काकडी आहे ना."

"काकडीला कुणी नावं ठेवली नाहीत वाटतं!"

"उद्या पोस्टमास्तर यायचेत केस कापायला. बघू काय म्हणतात."

"अहो, विजार दोरीनं बांधताय! रोगाआधी तुम्हीच नाहीसे व्हाल."

चट्टा मात्र जागचा हलला नाही. भाऊंची भीती तेवढी वाढत राहिली.

रविवारी डॉक्टर खुर्चीत डोळे मिटून बसले. बाकावर वकील, मास्तर आणि चष्मेवाले वाट बघत होते. भाऊंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, वस्तरा घसरला, आणि डॉक्टरांची अर्धी मिशी टॉवेलवर पडली.

"अरे!" डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. ओढाताणीत बाही वर गेली. कोपर उघडं पडलं.

डॉक्टरांनी चट्टा उजेडात धरला. "सोरायसिसच दिसतोय. घरात कुणाला होता?"

"वडिलांना," भाऊ बाही खाली ओढू लागले. "पण डॉक्टर, मी सगळं खाणं सोडलंय हो!"

"कुणी सांगितलं सोडायला?"

बाकावरचे तिघं छताकडे बघू लागले.

"वजन आटोक्यात ठेवा, दारूपासून लांब राहा, त्यानं फरक पडतो. पण एखाद्या वांग्यानं हा होत नाही, आणि उपाशी राहून जात तर नाहीच. औषध देतो. आणि हा लागत नाही कुणाला."

शेवटचं वाक्य डॉक्टर मुद्दाम मोठ्यानं बोलले. तरी बाकावरचे तिघंही एकदम उठले. भाऊंनी डोळे घट्ट मिटून घेतले. झालं. आता पावलं दाराकडे, आणि मग रिकामी खुर्ची.

पावलं दाराकडे गेलीच. कडी वाजली. पण आतून.

"भाऊ," वकिलांनी त्यांच्या हातातला वस्तरा अलगद काढून घेतला, "मास्तर तुमच्या घरून डबा आणायला मागच्या दारानं गेलेत. तुम्ही पोटभर जेवाल, तेव्हाच दुकान उघडेल. चट्ट्याचं आम्हाला काही नाही हो. पण उपाशी माणसापुढे मान कोण देणार?"